नारिंगी ठिपका

ओरिसिया हालचुक दार उघडते, आणि माझ्या हातातला
रंगाचा डबा बघून चहाचं विचारत नाही.

विनिपेगच्या या गल्लीत तिचाच एल्म सगळ्यांत निगुतीनं राखलेला.
दर सप्टेंबरात बुंध्याला चिकट पट्टा,
एप्रिल ते जुलै करवतीला हात नाही,
कोरड्या वर्षी रात्रभर पाइप, बुंध्याशी नव्हे,
सावलीच्या कडेला,
जिथं मुळं खरी पितात.

तरी शेंड्याची एक फांदी जूनमध्येच पिवळी.
साल सोलली: आत तपकिरी रेघा.

कुंपणापलीकडे, डेल्बर्टच्या शेडमागं,
सालीसकट रचलेलं सरपण. एल्मचंच. भुंगेरे तिथले.
मी नोंदवहीत लिहितो. ती समोरून उलटं वाचते.

"त्याला सांगू नका. गेल्या हिवाळ्यात
माझ्या दारातलं बर्फ तोच उपसायचा.
भट्टी बंद पडली त्या रात्री
यातलेच चार ओंडके आणून दिले त्यानं.
छान जळले."

सरपण उचलावंच लागेल.
दंडाचा रकाना मी कोरा ठेवतो.

मग ठिपका. छातीच्या उंचीवर, मुठीएवढा.
रंग अजून ओला आहे
तोवर ती पाइप ओढत आणते
सावलीच्या कडेपर्यंत,
आणि नळ सोडते.