नऊ

दोनशे पानी वही, अप्पा बळवंत चौकातली.
पहिल्या पानावर सवयीनं श्री,
त्याखाली देवनागरीतच लिहून ठेवलंय:
दोन्दे ले दुएले?
कुठे दुखतंय तुम्हाला?

नळ स्टॉपजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर,
मंगळवार-शुक्रवार, सहा ते साडेसात.
शेजारी बारावीतला एक मुलगा, सतत पाय हलवणारा.
केंजळे सर माझ्या लेकीहून लहान.
"काकू, तुम्ही कशासाठी?"

ह्यूस्टनला चाललेय, सहा महिने, लेकीकडे.
तिथं दर शनिवारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये
फुकट दवाखाना भरतो.
छपरं घालणारे येतात, हॉटेलातल्या चादरी बदलणाऱ्या बाया.
त्यांना इंग्रजी येत नाही, डॉक्टरांना स्पॅनिश.

फॉर्म आलाय. कावीळची लस घेतली,
छातीचा एक्सरे काढला.
एकतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात
तान्ह्या बाळांच्या शिरा सापडवल्या या बोटांनी,
तिथं सुईला हात लावायचा नाही.
नाव लिहायचं, पाणी द्यायचं, विचारायचं, कुठे दुखतंय.
"एवढ्यासाठी सात हजार फी?" नणंद म्हणाली,
आणि शेंगा सोलत राहिली.

भाषा तशी परकी वाटत नाही.
पायाला पिए. दाताला दिएन्ते.
पण मानो म्हणजे हात, मान नव्हे,
हे तीनदा चुकले.
डोकं "मला" दुखतं, त्यांच्याकडेही, आपल्यासारखंच,
दुखणं बाहेरून येऊन माणसाला लागतं.
"असणं" मात्र दोन तऱ्हांचं:
आज आजारी आहे, ते वेगळं,
आजारीच असतो, ते वेगळं.
सर फळ्यावर समजावत होते;
मला सगळा जनरल वॉर्ड दिसत होता,
खाटेला खाट लावून.
मधुमेहाला तिकडची माणसं म्हणतात, मला साखर आहे.
वर्गात मी एकटीच हसले.

मग आकडे.
उनो, दोस, त्रेस... सगळे एका सुरात,
तो मुलगा टेबलावर ठेका धरून.
सिएते, ओचो,
नुएवे.
मी थांबले.

शरणव्वा. यादगीरकडची, वाकडच्या साइटवर विटा वाहणारी.
रात्रपाळी होती. केसपेपर मीच लिहिला.
पदर मुठीत धरून ती म्हणत होती,
येदे नोवु, येदे नोवु.
मी विचारलं, नऊ? नऊ काय? नऊ महिने? नऊ वाजता?
तिनं मान हलवली.
कळल्यावर हलवतात तशी नव्हे,
सुटका व्हावी म्हणून हलवतात तशी.
मी लिहिलं: त्रास रात्री नऊपासून.
आणि तिला बाकावर बसवलं.

नोवु म्हणजे दुखणं, येदे म्हणजे छाती.
हे मला पहाटे कळलं,
जिन्यात बसलेल्या तिच्या नवऱ्याकडून,
तेव्हा मी त्याची सही घेत होते.
सही नव्हे. अंगठा.

हे कुणाला सांगितलं नाही. सरांनाही नाही.
म्हटलं, चष्मा विसरले, पुढं चालू द्या.

आज वर्गात नवं वाक्य दिलं:
मास देस्पासियो, पोर फावोर. जरा सावकाश सांगा.
सर म्हणाले, बाकी सगळं विसरलात तरी चालेल,
हे विसरू नका.
मी ते सातदा लिहिलं.

परत येताना आमच्या गेटपाशी
बसण्णा वॉचमन खुर्चीत डुलक्या घेत होता.
उठवलं त्याला. विचारलं,
कुठे दुखतंय, हे तुमच्यात कसं म्हणतात?
तो घाबरून उभाच राहिला. "काय झालं बाई?"
काही नाही. सांग तर.
एल्लि नोवु, तो म्हणाला.
परत सांग. सावकाश.
एल्लि. नोवु.

गेटच्या दिव्याखाली, वही गुडघ्यावर धरून,
स्पॅनिशच्या समासात
मी ते लिहून घेतलं.