खुणेचा माड

साडेपाचला तळपणच्या वाळूवरून
पिवळी कयाक पाण्याकडे ओढताना मी एवढंच सांगते:
जॅकेटचा पट्टा घट्ट, मोबाइल पिशवीत,
आणि उलटलात तर आधी वल्हं धरा, मग देव.

आजचे वर्तक. पुण्याचे. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं.
नदीच्या तोंडाशी लाटा फुटतात तिथे गप्प होते,
बाहेर सपाट पाणी लागलं तसे बोलायला लागले:
मुलाकडे गेले होते, अलास्कात,
तिथेही असाच गाईड, अशीच होडी,
आणि एक हॅलिबट, दरवाजाएवढा, चपटा,
दोन्ही डोळे एकाच अंगाला.
शिवाय एक लिंगकॉड. नुसते दात.
कापला तर आत मांस निळं.
निळं?
निळं. फोटो आहे, दाखवतो.
म्हटलं, राहू दे, मोबाइल पिशवीतच बरा.

आमच्याकडे लेपो असतो, सर.
त्याचेही डोळे एकाच अंगाला.
पण तळहाताएवढा. रवा लावून तव्यावर दोन मिनिटं.
ते हसले.
लेपोची बाजू मी आणखी थोडी घ्यायला हवी होती.

गोब्रा राहतो तो खडक वरून दिसत नाही.
खुणा दिसतात.
पांढऱ्या कपेलाच्या खुरसावर मागचा वाकडा माड आला,
आणि दक्षिणेला गालजीबागच्या सुरूंची रांग
टेकडीच्या नाकाआड संपली,
की वल्हं थांबवायचं. खाली सात वाव.
हा हिशेब बाबांचा, त्यांच्या बापाचा,
पागेर टाकणारे म्हणून आम्ही पागी,
जाळं अख्ख्या गावासमोर टाकायचे
पण गरीचा खडक बायकोलाही सांगायचे नाहीत.
मला सांगितला. दुसरं कोणी नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी कपेलामागे हॉटेल उभं राहिलं.
माड त्याच्या आड गेला की तोडला, मला माहीत नाही.
जाऊन बघता येईल. चालत वीस मिनिटं.
गेले नाही अजून.
आता हॉटेलच्या गच्चीवरची निळी टाकी,
डावीकडून तिसरी, खुरसावर आणते.
खडक तोच लागतो.

वर्तकांची दोरी एकदम खाली.
ओढा! सर, आत्ता!
पहिला झटका त्यांचा चुकला, गुडघ्यामुळे म्हणाले,
आणि गोब्रा बिळात. कल्ले फुगवून बसला.
ओढून काही होत नाही मग, दोरी तुटते.
सैल सोडा, म्हटलं. आपण गेलो असं त्याला वाटू दे.
किती वेळ?
बाबा एक विडी ओढायचे.
वर्तक विडी ओढत नव्हते, म्हणून आम्ही नुसतेच बसलो.
एक घार आली, गेली.
डोंगरामागून ऊन आलं, टाकी आणखी निळी झाली.

निघाला. अडीच किलो, तपकिरी, अंगभर ठिपके,
तोंड असं की कुणीतरी उधारी मागितली.
वर्तकांनी मोबाइल काढायला लावला
आणि मासा हात पुढे ताणून धरला,
मोठा दिसावा म्हणून.
अलास्कातही असाच धरला असणार.
मी दोन फोटो काढले. दरवाजा नाही,
पण खिडकीएवढा तरी आला.

संध्याकाळी बाबांच्या खाटेपाशी बसते.
उजवी बाजू गेली त्याला पाचवं वर्ष.
माड दिसलो गो?
दिसलो.
वाकडोच?
वाकडोच, बाबा.
मग ते दोरी सोडतात, हवेत, डाव्या हाताने,
छातीपासून बोटांपर्यंत, अर्धी वाव,
पुन्हा अर्धी.
सात वाव म्हणजे एका हाताला चौदा.
नवापाशी मोजणी चुकते.
थांबतात, माझ्याकडे बघत नाहीत,
परत पहिल्यापासून.