साठ की शंभर

तार्तूमधल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात
यूलो दोन लेन्स पुढे सरकवतो.
"हे साठचं, हे शंभरचं.
तुमच्या लहान सेन्सरवर
साठसुद्धा नव्वदाच्या डोळ्यानं बघतं."

लेइदा दोन्ही तळहातांवर तोलून पाहते,
बाजारात बटाटे तोलावेत तशी.

"टिपायचंय काय?
चतुर, फुलपाखरू, पळून जाणारं काही असेल
तर शंभर घ्या, लांब उभं राहता येतं.
थांबणारं असेल तर साठ पुरे.
अगदी नाक लावून बघा."

"दगडफूल.
हिमयुगानं आमच्या शेतात टाकून दिलेल्या धोंड्यावरचं.
वर्षाला जेमतेम केसभर सरकतं."

"मग पळायचा प्रश्नच नाही."

"त्याच्या बाजूनं नाही,"
चौऱ्याहत्तर वर्षांची लेइदा म्हणते,
साठवर खटकन झाकण बसवते
आणि पिशवीत
सुटे युरो चाचपू लागते.