तुलनेसाठी एक माणूस

शिवाजीनगर कोर्टाबाहेर, टायपिंगवाल्याच्या छत्रीखाली
शेवंता अवघडे तिसऱ्यांदा सांगतात:
भोसरीच्या कँटीनात सात वर्षं पोळ्या लाटल्या.
नवा कंत्राटदार आला,
हजेरीपटावर बोट फिरवत एका आडनावाशी थांबला.
दुसऱ्या दिवसापासून खरकटं.

कंपनीचं उत्तर फायलीत आहे, दीड पान.
बाई म्हणून? पोळ्या तर कदमबाईच लाटतात.
जात म्हणून? त्यांच्यातलाच नाडे स्टोअर सांभाळतो.
दोन्ही खरं.
आणि दोन्हींच्या मधल्या मोरीत
अवघडेबाई, कोपरापर्यंत ओल्या.

कायदा म्हणतो, तुलनेला एक माणूस आणा,
सगळं तुमच्यासारखं, ते एक सोडून.
मी त्या माणसाला शोधतोय
मनपाच्या बसथांब्यावर, जुन्या निकालांत,
रात्री झोपेत.
बाईंमधून बाई वजा केली तर पोळपाट जातं,
जात वजा केली तर कासेवाडी,
आईचं नाव, सासऱ्याची हलगी.
हातचा काय धरायचा?

सरांनी फळ्यावर 'समता' लिहून
खाली दोनदा रेघ ओढली होती.
त्या पेपरात मला बासष्ट.

अर्जात चौकट एवढीशी. कारण: कोणतेही एक.
मी पेन्सिल काढतो, लिहितो, खोडतो,
कागदाला लव येते.
"वकीलसाहेब, अडलं का कुठं?"
अवघड आहे, म्हणतो मी, आणि जीभ चावतो.
बाई हसतात. चपलेतला खडा झटकतात.
"माझी पोळी फुगायची," म्हणतात,
"ते आधी लिहा."