वरघोडा

"जिमवाले खांदे आहेत ना, पुढच्या दांडीला लाग,"
चिटणीसांचा पुष्कर म्हणाला.
लागलो.

मांडवीपाशी फटाके, धूर.
गॅलरीतून झुकलेल्या बाया
नवरदेव बघतात, त्याला वाहणारा नाही.
बरंच आहे.

नरसिंहजी जुना, त्याचं लग्नही जुनं.
तरी दर कार्तिकी पुनवेला नटून
पोळीतून निघतो,
गर्दीत तासन्‌तास अडकतो,
तुळशीवाडीला जाऊन
एका रोपापुढे उभा राहतो, नव्याने विचारायला.
मागल्या वर्षी ती हो म्हणाली होती
हे धरून चालत नाही.

मी अकरा वर्षं धरून चाललो.
हप्ते भरले, शनिवार केले,
हेमांगीवर हात उचलला नाही कधी,
तेही पुण्य म्हणून मांडलं.
ती निघाली तेव्हा सगळा हिशेब तोंडपाठ होता माझा.
तिने एवढंच विचारलं,
"कुंडीला पाणी घालशील?"

घालत नाही असं नाही.
विसरतो.

"दुखतोय का खांदा? बदलू?"
नाही, म्हणालो. सवयीने.
मग कारेलीबागेच्या वळणावर, कुणी पुन्हा न विचारता:
हो.