तूर्त

जत्रा कमिटीच्या बैठकीत मी सगळ्यात शेवटी बोललो.
तोवर फटाक्यांना साठ हजार मंजूर झाले होते,
डॉल्बीला एक लाख दहा,
कुस्तीच्या मैदानाला चांदीची गदा.
म्हटलं, मला बारा फूट पाहिजेत.
"कसले?"
वेशीपासून लक्ष्मीच्या गदगेपर्यंत बारा फूट रुंद वाट.
रिकामी. नऊ दिवस.
कुणी काही मांडायचं नाही.

परशराम गुंजीकर हसले.
"देवी हाय की वो, कंपाउंडर. तूर्त ऱ्हाऊ दे."

अठरा वर्षांमागं हेच वाक्य, याच शाळेच्या खोलीत.
तेव्हा रथाच्या चाकाला उटी लावायचा नारू सुतार.
उतारावर उटी निसटली.
त्याला दाराच्या फळीवर घालून नेला,
पाळण्यांखालून, रसाच्या गाड्यांमधून,
अंगावर लोकांनी उधळलेला भंडारा तसाच.
गाडी वेशीबाहेर. दिवा फिरत होता.
सहाशे चाळीस पावलं.
त्या दिवशी मोजली नव्हती,
नंतर मोजली. पुष्कळदा.

अर्ज तीन लागतात. तहसीलदार, ठाणं, आरोग्य खातं.
कन्नडात लागतात.
सून गोकाकची, तिनं लिहून दिले.
वर मोठ्या अक्षरात घातलं: तुर्तु.
विचारलं, हे काय?
म्हणाली, मामा, तुर्तु म्हणजे आत्ता. या क्षणी. जीव जातोय तेव्हा.
आमच्यात तूर्त म्हणजे
सध्या असू दे, बघू नंतर.
एकाच शब्दाची दोन पोरं,
एक धावत सुटलेलं,
दुसरं पारावर बसलेलं.

सहा पोती फक्की आणली. दोन्ही बाजूंना पांढरी रेघ मारली.
शाळेत दोन खाटा, सलाईनचे स्टँड,
ओआरएसची पुडकी, बर्फाची पेटी.
महादेवी सिस्टर आली, कुठं काय ठेवलंय ते डोळे मिटून सांगून दाखवलं तिनं.
ड्रायव्हर फकीराप्पा, बैलहोंगलकडचा.
त्याला मराठी येत नाही, मला कन्नड बाजारापुरतं.
पहिल्या संध्याकाळी तो ती वाट चालत गेला, चालत आला,
वळणावर थांबून विजेच्या खांबाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवशी बारा फुटांचे दहा झाले.
मिरची-भज्यांचा गाडा. नुसता एक बाकडा, म्हणाला.
चौथ्या दिवशी आठ.
चप्पल, फुगे, गुंजीकरांच्या पाहुण्यांची जीप.
मी शिट्टी वाजवत फिरलो, पोरं माझ्या मागं शिट्ट्या वाजवत फिरली.

सहाव्या दिवशी ऊन. ओट्या भरायच्या रांगेत
हिरव्या लुगड्याची एक बाई बसली, मग आडवी झाली.
घाम गार. डावा हात धरलेला.
सिस्टरनं माझ्याकडं एकदाच बघितलं.

मी जीपच्या टपावर हात आपटला.
ती हलेना, मग पोरांनीच ढकलली, ज्यांच्या तोंडात शिट्ट्या होत्या त्यांनी.
भजीवाल्यानं तापल्या तेलाची कढई दोन हातांनी उचलली
आणि तसाच भिंतीला पाठ लावून उभा राहिला.
उरली किती वाट? सात फूट.
फकीराप्पानं दोन्ही आरसे मिटले.
मी काचेतून ओरडलो, जाईल काय?
"साकु," म्हणाला. पुरे आहे.
आणि घातली गाडी.

बाई कुठली, विचारायचं राहिलं.
वहीत नावापुढं जागा मोकळी आहे.
रात्री फोन केला तर फकीराप्पा बराच वेळ कन्नडात बोलला,
मला त्यातलं सिव्हिल कळलं, ऑक्सिजन कळलं,
आणि शेवटी एक मोठा श्वास.
सून शेजारी नव्हती.
मी पुन्हा फोन लावला नाही.

हिशेबाच्या बैठकीत डिझेलचे चार हजार दोनशे
"तूर्त" बाकीत टाकले.

पुढची जत्रा अठरा वर्षांनी.
वहीच्या पाठपानावर लिहून ठेवलंय, जो कोण असेल त्याला:
बारा माग. सात मिळतील.
वळणावरचा खांब आधी सरकवून घे.
आणि त्या बाईचं नाव विचार,
जी कोण असेल ती.