पावणेपाच घोडे

अंबडच्या शेडमध्ये खैरनारने पट्टे आवळले.
पुढचं चाक जखडलेलं, मागचं रोलरवर.
बाहत्तरची लॅम्ब्रेटा
जागच्या जागी सत्तरने निघाली.
काका बसल्या बसल्या डावीकडे कलले,
जणू गरवारेचं वळण आलंय.

कागद आला : पावणेपाच घोडे.
"हॅ! सावळ घाटात सहा होते."
"मोजले कुणी होते?"

मग पोर्ट घासलं,
जेट तीनदा बदललं,
प्लगवर भाजल्या बिस्किटाचा रंग येईपर्यंत
दुपार गेली, चहा निवला,
ऑइलचा निळा धूर पत्र्याला लागला.

पाच पूर्णांक नऊ.
खैरनारने पान्हा खिशात टाकला.
"उरलेला पॉइंट एक तुमचा."

काका बोलले नाहीत. मीटर पुसत राहिले.
त्याची केबल पुढच्या चाकाला;
काटा
दिवसभर शून्यावरच होता.